दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात

पहिले दोन महिने आमच्या घरात सकाळी सहाचं भांडण ठरलेलं असायचं. मुलाची शाळा आठवीनंतर थांबवली होती, गच्चीवर तीसेक कुंड्या होत्या आणि माझ्या डोक्यात एक सुरेख चित्र होतं. मुलगा पहाटे उठेल, झाडांना पाणी घालेल, मग न्याहारी, मग अभ्यास. चित्रात तो हसतमुखसुद्धा होता. प्रत्यक्षात मी पावणेसहाला हाक मारायची, तो ‘हं’ म्हणून कूस बदलायचा, सव्वासहाला मी पांघरूण ओढायची आणि साडेसहाला झारी स्वतःच उचलून तणतणत गच्चीवर जायची. दिवस असा सुरू झाल्यावर पुढे गणित-भूगोल काय होणार!

हा तिढा शेवटी दुधीने सोडवला. जूनमध्ये सासूबाईंनी एका निळ्या ड्रममध्ये दुधीचं बी टोचलं होतं. ऑगस्टमध्ये वेल मांडवावर गेला, पांढरी फुलं आली, इवले इवले दुधी धरले आणि चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळून गेले. एक नाही, सात. आधी मी खत घातलं, मग पाणी कमी केलं, मग जास्त केलं. मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं, ‘आई, याचं परागीभवन होत नाहीये. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. तू सकाळी बघतेस तेव्हा ती मिटायला आलेली असतात.’ आमच्या चौथ्या मजल्यावर संध्याकाळी कोण पतंग फिरकणार? मग त्या रात्री आठ वाजता तो टॉर्च घेऊन वर गेला. नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला पुंकेसर मादी फुलाच्या तोंडावर हलकेच फिरवला. मादी फूल ओळखायला सोपं: त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच असतो. नराच्या मागे नुसता देठ. पंधरवड्यात त्या वेलाचा पहिला दुधी आमच्या ताटात आला.

त्या दिवसापासून सकाळचं पाणी माझं आणि संध्याकाळनंतरची गच्ची त्याची, अशी वाटणी झाली. भांडण संपलं. किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते, सकाळी डोळा उघडत नाही. यात आळस कमी आणि शरीरधर्म जास्त. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे सोसावंच लागतं. घरी शिकणाऱ्या मुलाला आपण हौसेने का सोसायला लावतो, याचं उत्तर मला तरी देता आलं नाही. तेव्हा वेळापत्रक करायला बसाल तर पहिली गोष्ट ही: आधी मुलाकडे बघा, मग झाडांकडे आणि घड्याळाकडे सगळ्यात शेवटी.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू, कारण त्यात चूक झाली तर बाकी सगळी हिरवळ व्यर्थ. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयासाठी आहे. तो २०१० पासून लागू आहे आणि घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही सांगितलेलं नाही. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न परीक्षेचा असतो. एक वाट राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. ही संस्था १९८९ पासून आहे. तिथे दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, उत्तीर्ण व्हायला पाच विषय लागतात, मराठी माध्यमही घेता येतं. नावनोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दोन विषय आत्ता, तीन पुढच्या वेळी, असं चालतं. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटलाही गुण असतात. त्या वेळेत भरा, आम्ही पहिली शेवटच्या दिवशी रात्री अकराला भरली होती. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्रात जावं लागतं, त्यामुळे केंद्र निवडताना बसने किती वेळ लागतो तेही बघा.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला शाळेतून निघतानाच हातात घ्या. १७ नंबरच्या फॉर्मला तो लागतो. फॉर्म परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरायचा असतो, हेही अनेकांना फेब्रुवारीत कळतं. मुलाला पुढे कुठल्या अभ्यासक्रमाला जायचं आहे याचा थोडा तरी अंदाज असेल, तर त्याच्या प्रवेशाच्या अटी आताच वाचा. होमस्कूलिंगचा विषय निघाला की नातेवाइकांपैकी कुणीतरी मुंबईच्या मालविका जोशीचं नाव काढतंच. ती शाळा सोडून घरी शिकली, माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ साली थेट अमेरिकेत एमआयटीला गेली. उदाहरण खरं आहे. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला आयआयटीचा दरवाजा बंद होता, तेवढा भाग लग्नाच्या पंगतीत कुणी सांगत नाही.

आता बागेकडे. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांतून बागेचं एक ठरावीक नुकसान होतं, ते मीही केलं. बागेचा अभ्यासक्रम करायचा. पालकाच्या कुंडीसमोर बसवून प्रकाशसंश्लेषण, गांडूळखताच्या डब्यापाशी विघटन, आणि शेवटी एक प्रोजेक्ट फाइल. आमच्याकडे ती फाइल तीन पानांवर थांबली आणि मुलगा आठवडाभर गच्चीवर फिरकला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला खोटं काम ताबडतोब ओळखू येतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली आणि सेवाग्रामला मुलं सूत कातत, शेतात आणि स्वयंपाकघरात राबत शिकू लागली, त्यात मला महत्त्वाचं हे वाटतं की ते सूत खरोखर वापरायचं होतं आणि ती भाजी खरोखर शिजायची होती. शिकण्यासाठी म्हणून काढलेलं ते काम नव्हतं. काम होतं, म्हणून शिकणं होतं. आपल्याकडेही दुधी खायचाच असला पाहिजे. तो आला नाही तर त्या दिवशी भाजी विकत आणावी लागली पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की मुलाला बागेतली ‘मदत’ सोपवू नका. एक गोष्ट पूर्ण सोपवा. बी कुठून आणायचं, कधी पेरायचं, मेलं तर काय, सगळं त्याचं. आमच्या मुलाकडे वेलवर्गीय भाज्या आहेत. मेथी, पालक, कोथिंबीर हे सासूबाईंचं खातं. त्या वाईकडच्या, परसबागेत वाढलेल्या. धने तसेच पेरायचे नसतात, लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करायच्या, हे त्यांचं पहिलं वाक्य. मेथी महिनाभरात खुडायला येते म्हणून अधीर माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी, हे दुसरं. आणि नातवाच्या ड्रमकडे त्या बघतसुद्धा नाहीत. निदान तो समोर असताना.

धाकटी शाळेत जाते. ‘दादाला रोज सुट्टी’ ही तिची तक्रार वर्षभर चालली. तिच्याकडे ‘कोरडा दिवस’ आहे. दर रविवारी कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या, झारी, बादल्या उलट्या करायच्या. डेंग्यूचा डास अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो, तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. एकदा तिला एका ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या. तिने त्या काचेच्या बरणीत घालून, वर जाळी बांधून आजीच्या औषधांच्या कपाटात ठेवल्या. तो प्रसंग मी विस्ताराने सांगत नाही.

गच्चीवर बाग करताना बहुतेकांना रोपांची काळजी असते, वजनाची नसते. आमचा मुलगा गणितात ‘घनफळ’ करत होता, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी आक्षेप घेतला: ‘वर किती माती नेलीत तुम्ही?’ उत्तर द्यायचं म्हणून आम्ही हिशेब मांडला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा, त्यात दहा सेंटिमीटर माती. शंभर लिटर झाली. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. म्हणजे एका चौरस मीटरवर दीडशे किलोच्या पुढे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला साधारण तेवढाच, दीडशे किलोच्या आसपास धरतात. वर एक वीत खोल माती पसरण्याची माझी योजना होती. मुलाने वहीवर उत्तर काढलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हापासून आमच्या ड्रमांत माती तिसरा हिस्सा. बाकी सुका पालापाचोळा, कोकोपीट, घरचं कंपोस्ट आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं. चिपाडं आठवडाभर कडक उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. मुंबईत आर. टी. दोशींनी उसाच्या चोथ्यावर गच्चीत भाजीपाला पिकवून दाखवला, त्यामागेही हाच विचार होता: कमी माती, जास्त पाचोळा, हलकं वजन. मोठे ड्रम गच्चीच्या मध्यावर नकोत, खाली तुळई किंवा खांब आहे तिथे, कडेने ठेवा. त्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा आणि वॉटरप्रूफिंगची स्थिती बघून घ्या. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की खालची फरशी वाळते आणि गळतीही वेळीच दिसते. बाल्कनीत बाग असेल तर खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडणार नाहीत हे बघा. बागेतली अर्धी भांडणं त्याच थेंबांवरून होतात.

मुलगा वही ठेवतो. मी सांगितलं म्हणून ठेवत नाही, सांगितलं असतं तर ठेवली नसती. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावकडचे द्राक्षबागायतदार आपापल्या बागेतली निरीक्षणं एकमेकांना सांगत आणि त्यावर पुढचा प्रयोग रचत. पदवी कुणाची किती हा प्रश्न नव्हता, तुमच्या वेलाने काय केलं हा होता. मी त्याला एवढंच म्हटलं की गेल्या वर्षी दुधीचा शेंडा कधी खुडला होता ते मला आठवत नाही. तो म्हणाला, यंदा लिहून ठेवतो. आता त्या वहीत तारखा आहेत, किती नर फुलं, किती मादी, शेंडा खुडल्यावर बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त आली का याचा तक्ता आहे, आणि मध्येच एका पानावर कुठल्याशा फुटबॉल संघाची अकरा नावं. ती वही मी तपासत नाही. शुद्धलेखन भयंकर आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर घरी एका मुलाला शिकताना दिवसाचे तीन-साडेतीन तास नेटाने केले तरी पुष्कळ होतात. शाळेतले सहा तास चाळीस मुलांत वाटलेले असतात, हजेरी आणि रांगा त्यातच. आम्ही साडेदहा ते साडेबारा अवघड विषय, दुपारी चारनंतर तासभर वाचन किंवा लेखन असं ठेवलं आहे. दुपारी एक ते तीन माझं काम, दार बंद. ते दोन तास मी पहिल्या वर्षी ठेवले नव्हते आणि त्याची किंमत सगळ्या घराने मोजली. आई, शिक्षिका, माळीण आणि स्वयंपाकीण एकाच बाईने दिवसभर व्हायचं म्हटलं की संध्याकाळी ती कुणावर तरी फुटतेच. गणित मी स्वतः शिकवणं सोडून दिलं. त्यासाठी आठवड्यातून तीनदा तो एका निवृत्त सरांकडे सायकलने जातो. इंग्रजी त्याचे बाबा रविवारी घेतात, म्हणजे दोघं मिळून सिनेमा बघतात आणि मग त्यावर भांडतात. चालतं.

दिवसभर घरी असणाऱ्या किशोरवयीन मुलाचा मोठा प्रश्न अभ्यासाचा नसतोच. आई आणि मूल चोवीस तास तोंडासमोर तोंड करून बसलेले असतात, हा असतो. मी त्याच्याकडे बघते, तो मी बघतेय हे बघतो. ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही.’ झाडांचा मला सगळ्यात मोठा उपयोग इथे झाला. दोघांनाही तिसरीकडे बघता येतं. एका रात्री मी मांडवाची सुतळी धरून उभी होते, तो स्टुलावर चढून वेल बांधत होता, लाइट गेलेली. माझ्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, ‘शाळेतला ग्रुप आता मला मेसेज करत नाही.’ मी काही बोलले नाही. सुतळी सोडावीशी वाटली, पण वेल खाली आला असता. मग तो बराच वेळ बोलला. डायनिंग टेबलापाशी हे वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नसतं, आणि आलं असतं तर मी लगेच दहा उपाय सांगितले असते.

उपाय नंतर शोधलेच. घरी शिकणाऱ्या मुलाला समवयस्क आपोआप मिळत नाहीत, ते मिळवून द्यावे लागतात, आणि ‘आमची बाग आहे ना’ हे त्याचं उत्तर नाही. मैदान रोजचं हवं. पुण्यात असाल तर गणपतीआधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. आमचा मुलगा त्यात गेला आणि हातांना फोड आणून, पण चेहरा फुलवून परत आला. गावाबाहेरचे ट्रेक, वाचनालय, एखाद्या दुकानात सुट्टीतलं काम, काहीही चालेल, पण तिथे तुम्ही नसलं पाहिजे.

खर्चाचं थोडक्यात. बाग भाजीचं बिल फार कमी करत नाही. दुकानातल्या रंगीत कुंड्या घेऊ नका, रंगाच्या बादल्या आणि तेलाचे डबे तळाला भोकं पाडून वापरा. पुणे महापालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकत करात सवलत ठेवलेली आहे. तुमच्या इमारतीला ती लागू होते का हे सोसायटीच्या सभेत विचारायला मुलालाच पाठवा. अर्ज कसा लिहितात ते त्याला तिथे कळेल.

आणि आता ती गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर एक संपूर्ण उन्हाळा वाचला असता. एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. बागेची सगळ्यात जास्त ओढाताणही नेमकी तेव्हाच. एप्रिलमध्ये कुंड्यांना दोन वेळा पाणी लागतं, पाणीकपात असते, शेडनेट बांधायची असते. ऑक्टोबरात पाऊस संपून टोमॅटो, मेथी, मुळा यांची पेरणी. आम्ही पहिल्या वर्षी दोन्ही ओढायचा हट्ट केला. परीक्षेच्या आठवड्यात टोमॅटोवर पिठ्या ढेकूण पडला, मुलगा भूगोल सोडून कापूस आणि साबणाचं पाणी घेऊन पानं पुसत बसला आणि मी त्याच्यावर ओरडले. मग दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

आता परीक्षेच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही नवीन काही पेरत नाही. जे आहे ते काढून खायचं. रिकाम्या ड्रमांत सुका पालापाचोळा ठासून भरायचा, वरून थोडं कंपोस्ट, आठवड्यातून दोनदा भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी. जूनपर्यंत अर्ध्यावर बसतं आणि खाली काळी, भुसभुशीत माती होते. झाडं तीस वरून आठवर येतात: तुळस, कढीपत्ता, गवती चहा, अळू, अशी न कुरकुरणारी. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर त्या आठ कुंड्या सावलीत एकत्र करा, मध्ये पाण्याची बादली ठेवा आणि प्रत्येक कुंडीत बादलीतून जाड सुती दोरी पुरा. दोरीचं एक टोक बादलीच्या तळाला टेकलं पाहिजे, दुसरं मातीत बोटभर खोल. बादली जाळीने झाका, धाकटीचा कोरडा दिवस त्या आठवड्यात चुकणार असतो.

यंदा त्याने तीन विषय एप्रिलमध्ये आणि दोन ऑक्टोबरमध्ये द्यायचं ठरवलं आहे. ठरवताना त्याने माझ्याकडे नाही, वहीतल्या तारखांकडे बघितलं. दुधी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टोचला तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलेल, ऑक्टोबरच्या पेपरांआधी वेल उतरवता येईल, पण सप्टेंबरमध्ये पथकाच्या सरावाहून यायला रात्रीचे नऊ होतात. तेव्हा त्या काळात टॉर्च धरायला कुणीतरी लागेल, असं त्याने काल जेवताना जाहीर केलं. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, ‘पाकळ्या सगळ्या काढायच्या की अर्ध्या?’